घोटा

ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर भर रविवारी सकाळी एका माकडटोपीवाल्या काकांनी माझ्या नायिकेला संधिवात असल्याचं जाहीर केलं. आज बुधवार. अजून डोक्यातून जात नाहीये.

आम्ही सात-आठ चित्रं काढणारी मंडळी महिन्यातून एकदा तिथे जमतो, आपापली कॅरेक्टर्स दाखवतो आणि एकमेकांना फीडबॅक देतो. फीडबॅक म्हणजे 'भारी', 'कसलं भारी' आणि अगदीच काही सुचलं नाही तर 'कलर पॅलेट एक नंबर'. गेल्या महिन्यात मी एका पोराला खरं सांगायला गेले. म्हटलं, तुझा राक्षस नुसत्या काळ्या रंगाने भरून बघ. कॅरेक्टर कसं सावलीवरूनही ओळखू यायला हवं, तुझा बटाटा वाटतोय. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता.

माझं कॅरेक्टर म्हणजे ठाणे खाडीची राखणदारीण. अर्धी बाई, अर्धी फ्लेमिंगो. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, पण खाडीला साधी एक सुपरहिरोइन नाही, हे मला फार लागलं होतं. तीन आठवडे खपून समोरून, बाजूने, मागून अशी पूर्ण शीट केली. सगळ्यांनी टॅब हातोहात फिरवला. भारी, भारी, एक नंबर.

तेवढ्यात मागून आवाज आला, "गुडघ्याला काय झालंय हिच्या?"

पांढरे कॅनव्हासचे बूट, ठाण्याच्या थंडीत (म्हणजे पंखा दोनवर) माकडटोपी, आणि हातातल्या पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी.

"काका, फ्लेमिंगोचा गुडघा मागेच वाकतो."

"तो गुडघा नाही. घोटा आहे. गुडघा वर असतो, पिसांत. ऐरोलीहून बोटीने जाऊन बघितलेत मी, दुर्बिणीतून."

एवढ्यावर थांबले असते तर मी मान डोलावून विषय मिटवला असता. पण त्यांनी मेथी माझ्या हातात दिली, ट्रॅकपँट पोटरीपर्यंत वर खेचली, माझा खांदा धरला आणि एका पायावर उभे राहिले. "हा माझा गुडघा. हा घोटा. आता मी टाच उचलली, नुसत्या बोटांवर आलो. हे पाऊल लांबवा, अजून लांबवा. झाला फ्लेमिंगो!" शेंगदाणेवाला थांबला. एका आजींनी "अहो, पडाल" म्हणून दुसरी बाजू सावरली. "आणि तुम्ही घोट्यावर चक्क माणसाची वाटी बसवलीत. संधिवातच की!"

पंखाच्या कडेची काळी पिसं मी अगदी बरोबर काढली होती. त्याबद्दल एक अक्षर नाही.

मग त्यांनी चश्मा वर केला. "आणि हात कुठायत?"

"मागे बांधलेत. ॲटिट्यूड आहे तो तिचा."

"बरं. आणि या पाठमोऱ्या चित्रात?"

"...पुढे बांधलेत."

"म्हणजे पुढून बघावं तर मागे, मागून बघावं तर पुढे!"

हात काढणं किती जिकिरीचं असतं हे चित्र काढणाऱ्यालाच माहीत. अर्ध्या जगातली कॅरेक्टर्स खिशात हात घालून उभी असतात, ती काय थंडी वाजते म्हणून? पण हसले सगळे. बटाटा तर डोळे पुसत होता.

काकांचं मी समजू शकते. राग आहे तो या सात जणांचा. स्केच असल्यापासून ग्रुपवर टाकत होते मी. दर वेळी आगीचे इमोजी. वाटी एकालाही दिसली नाही? की दिसली आणि 'जाऊ दे, उगाच कशाला' म्हणून सोडून दिली? दुसरी शक्यता जास्त झोंबते, कारण तीच खरी वाटते.

जाताना काका म्हणाले, "माझ्या नातीचं एक काढून द्या ना. पाच मिनिटांचं तर काम." यांनी डेंटिस्टला कधी म्हटलं असेल का, आलोच आहे तर एक दाढ काढून द्या, पाच मिनिटांचं काम?

घरी येऊन तपासलं. घोटाच होता. चित्राचे लेयर आधीच मर्ज करून, म्हणजे सगळे थर एकच करून बसले होते, त्यामुळे पाय मुळापासून काढावे लागले. रात्रीचे दोन वाजले. हात आहेत तिथेच आहेत.

काल बटाट्याचा मेसेज आला, महिन्याभराने. 'राक्षस बदललाय. खरं सांग, कसा वाटतोय?'

झूम करून बघितलं. रताळं झालं होतं.

'भारी,' मी टाइप केलं. 'कलर पॅलेट एक नंबर.'