पोट्टं बारावीत गेलं की मग बघू

काही लोक म्हणे मुलगी रांगायला लागल्यापासूनच तिच्या कॉलेजच्या फीचा विचार करतात. काहून एवढी घाई? आधी बारसं दणक्यात होऊ द्या, मग दरवर्षी लॉन घेऊन वाढदिवस. टपाल कार्यालयात मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत अवघ्या २५० रुपयांत सुकन्या समृद्धीचं खातं उघडतं, पण त्या फंदात पडू नका. पंधरा वर्षं पैसे भरायचे अन् ती अठराची किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी निम्मीच शिल्लक काढायची! एवढा धीर असता तर आपण तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रांग लावली नसती का?

कागदपत्रांचं तर नावच काढू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल वगैरे जूनमध्येच काढायचे, अर्धं नागपूर सेतू केंद्रावर उभं असतं तेव्हा. घामाने भिजलेली झेरॉक्स खिडकीतून आत सरकवायची, आतून ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ ऐकायचं. उद्या सर्व्हर सुरू झाला, तरी ओटीपी जातो आधारला जोडलेल्या जुन्या मोबाईलवर, आणि ते सिम आता साळ्याकडे आहे. साळा गोंदियाला. फोन उचलत नाही.

आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने २०२४-२५ पासून माफ केली आहे. म्हणून तुम्ही प्रवेश मॅनेजमेंट कोट्यातूनच घ्या. तिथे ही माफी लागू नाही, आणि नातेवाइकांत वजनही वाढतं.

राहिलं कर्ज. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, बापाची सही मात्र लागते. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, एवढंच लक्षात ठेवा. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, हे बँकवाला सांगेल तेव्हा चहा घ्या. आयकरात त्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते म्हणे, फक्त जुन्या करप्रणालीत. तुम्ही नवीन निवडलीच असेल.

आणि नागपूरला लागून असलेल्या बेसाचा प्लॉट आहेच की! विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प आला तेव्हापासून तो सोन्याचा होणार आहे. फी भरायची शेवटची तारीख परवा असेल, तेव्हाच विकायला काढा. गिऱ्हाईक येईल, बांधावर उभं राहून दात कोरेल आणि प्लॉट नियमित झाल्याच्या रिलीज लेटरचा, म्हणजे आरएलचा, पहिलाच प्रश्न विचारेल, ‘भाऊ, आरएल निघाली का?’