उधारीचं कोणी बोलत नाही

तुमच्या लेखातला माणूस विशीत नाक्यावर ड्रग्जच्या पुड्या विकायचा. आज चाळिशीत धडधाकट आहे आणि त्याचं श्रेय स्वतःच्या चलाखीला देतो. मला नाही पटलं. या धंद्यात पोलिसांइतकीच उधारी घात करते. माल वरून उधारीवर येतो. धाड पडो, कोणी हिसकावून नेवो, नाहीतर स्वतःच ओढून संपवा, पैसे भरावेच लागतात. माझा चुलतभाऊ यातच रुतला होता. तोही चलाखच! पुडी कधी अंगावर नाही, मीटरच्या पेटीमागे. पैसे घेणारा वेगळा, माल देणारा वेगळा, शिट्टी मारायला शाळकरी पोर. शेवटी काकांनी गाडी विकून हिशेब मिटवला, तेव्हा सुटला.

आणि कमाई म्हणाल तर शिकागोतल्या एका टोळीच्या हिशेबांवर अर्थतज्ज्ञ लेव्हिट आणि समाजशास्त्रज्ञ वेंकटेश यांचा २००० सालचा शोधनिबंध आहे. नाक्यावरच्या पोरांना जेमतेम किमान वेतनाएवढंच सुटायचं, मलई वरच्यांची. तरी पोरं टिकतात, कारण उद्या आपणही वर जाऊ ही आशा.

लेखात त्या माणसानं शहर सोडल्याचं एका ओळीत उरकलंय. त्यावर सविस्तर लिहा ना. जाताना त्याचे पैसे कोणी भरले?