मालकाचं उत्तर: तीर्थन नदीवरचं फ्लाय फिशिंग

नमस्कार सर,

पुण्याहून हिमाचलात इतक्या लांब आलात आणि दोन दिवसांत एकही ट्राउट लागला नाही, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. वहिनींना चहा उशिरा मिळाला, तेही व्हायला नको होतं.

पण "आमचा नवाकोरा रॉड बाजूला ठेवायला लावला, जुनाट रॉड हातात दिला आणि अर्धा दिवस गवतावर हात हलवायला लावले" हे तुमच्या रिव्ह्यूत वाचून फार लागलं. आमचा हंगाम छोटा असतो आणि लोक असलंच वाचून बुकिंग रद्द करतात.

तुमचा रॉड चांगला आहे, महागही आहे. पण तो ८ वेटचा, म्हणजे जड लाइनसाठी बनवलेला. महसीरसारख्या मोठ्या माशासाठी उत्तम, तीर्थनच्या ब्राउन ट्राउटसाठी नाही. फ्लायला, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या पिसांच्या गळाला, स्वतःचं असं वजन नसतं, ती लाइनच्या वजनावर जाते. ८ वेटची जाड लाइन संथ डोहावर पडली की चापट मारल्यासारखा आवाज होतो आणि दगडाआडचा मासा पसार. वर अशा ताठ रॉडच्या झटक्याने टिपेट, म्हणजे फ्लाय बांधलेला टोकाचा बारीक दोरा, तुटतो तो वेगळाच. म्हणून आम्ही ९ फुटी, ५ वेटचा रॉड देतो. त्याची कॉर्कची मूठ रोजच्या वापराने काळी पडलीय, एवढंच. जोड घट्ट बसतो, एकाही कडीला ओरखडा नाही, रोज संध्याकाळी पुसून ठेवतो आम्ही. जुना म्हणा सर, जुनाट नाही.

गवतावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करून घेतो, त्यालाही कारण आहे. रॉड मागे नेताना घड्याळातल्या एकच्या आकड्यावर थांबायला हवा, तुमचं मनगट मोडून तो तीनपर्यंत जात होता. नदीवर पाठीमागे झाडं आहेत. तिथे असा कास्ट केला, म्हणजे लाइन अशी फेकली, तर प्रत्येक फ्लाय फांदीतच अडकणार.

आणि सकाळी सहाला निघायचं हे आदल्या रात्रीच सांगितलं होतं. मेअखेरीस वरचा बर्फ वितळतो, दुपारनंतर पाणी चढतं आणि गढुळतं. आपण काठावर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. याचा तुमच्या रिव्ह्यूत उल्लेखच नाही.

यापुढे कोणता रॉड आणावा ते बुकिंग करतानाच कळवू, चहाचंही बघतो. पावसाळा सरला की पाणी निवळतं, आणि १ नोव्हेंबरपासून ट्राउटची मासेमारी बंद होते. ऑक्टोबरात जमवा. लायसन्सचे पैसे तेवढे तुमचे, पहिली सकाळ आमच्याकडून.