पांढरा धूरही ऊन शोषतो

यवतमाळकडच्या माझ्या मामाजींनी परवा पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचे, तीन ढीग पेटवले. घरात मामींना दमा आहे, तरीही. विचारलं तर व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुढे केला: ‘धूर छत्रीसारखा ऊन परतवतो, तपन कमी होते. पांढऱ्या धुरात काजळी नसते, म्हणून तो उष्णता धरत नाही. पाऊस लवकर येतो. राख उत्तम खत.’ नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर हेच फिरतंय.

सगळ्यात घातक वाक्य पांढऱ्या धुराचं, कारण ते शास्त्रीय वाटतं. काजळी सगळ्याच रंगांचा प्रकाश शोषते, म्हणून काळी दिसते, इथवर ठीक. पण ओलसर पऱ्हाटी ज्वाळेविना धुमसते तेव्हा डांबरासारखे सेंद्रिय कण जास्त निघतात. जुन्या घरातल्या चुलीवरचे कवेलू (छताची कौलं) बघा. काजळीशेजारी चिकट तपकिरी थर दिसेल. तो तपकिरी का? निळा-जांभळा प्रकाश त्यात जिरतो म्हणून. हवेत तरंगणारे कणही तेच करतात, अतिनील किरणं तर आणखी जोरात शोषतात. ते बराचसा प्रकाश विखुरतात म्हणून धूर पांढरा दिसतो, पण म्हणून शोषण थांबत नाही. आंद्रेए आणि गेलेन्चेर या शास्त्रज्ञांनी २००६ साली या ‘तपकिरी कार्बन’वर सविस्तर लेख लिहिला, ज्वलनातून निघणारे डांबरी पदार्थ त्यांनी त्यातच मोजलेत. उन्हात हा रंग दिवसभरात बराच विटतो, हे मान्य. पण आपल्याकडे रोज कुणीतरी नवा ढीग पेटवतंच.

छत्रीचं अर्धं खरं आहे. धुराखाली जमिनीवर ऊन कमी पडतं. १९९९ च्या ‘इंडोएक्स’ या हवेतल्या कणांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत हिंदी महासागरावरच्या धुरकटीखाली हेच दिसलं: खाली प्रकाश घटला, वरची हवा मात्र तापली. अडलेलं सगळं ऊन परत जात नाही, काही त्या कणांतच मुरतं. शिवाय हे कण साधारण आठवडाभरात खाली बसतात. मार्चचा धूर मेची तपन काय अडवणार?

पावसाचं म्हणाल तर कण वाढले की ढगातलं पाणी बारीक थेंबांत वाटलं जातं, आणि असे थेंब पडायला उशीरच लागतो. राखेत पालाश उरतो, नत्र धुरासोबत गेलेलं असतं.

गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी वावरात ठेवू नये, हे मामाजींचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यासाठी कुट्टी, म्हणजे यंत्रानं बारीक तुकडे, करता येते. एक ढीग अजून धुऱ्यावर पडलाय. रविवारी कुट्टीचं यंत्र भाड्यानं घेऊन येतो, मामाजी, तोवर त्याला काडी लावू नका.