‘परत घ्या, जुनी ग्रेड पुसली जाते’: पुसली जात नाही

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रूपवर दर उन्हाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो. कुणी लिहिला माहीत नाही, पण डेंटलला जाऊ बघणाऱ्या मुलांच्या आया तो जपून ठेवतात. मजकूर थोडक्यात असा: ‘मुलाचा जीपीए कमी आहे? घाबरू नका. सी आलेले सगळे सायन्स कोर्स परत घ्या, जुनी ग्रेड पुसली जाते. कम्युनिटी कॉलेजात सोपे कोर्स घ्या, ए तो ए. नाहीच जमलं तर मास्टर्स करा, जीपीए आपोआप वर येतो. आणि डॅटमध्ये २५ मिळवा, मग जीपीए कोण बघतो?’ खाली हात जोडल्याचे तीन इमोजी. (जीपीए म्हणजे कोर्सच्या क्रेडिटनुसार काढलेली ग्रेडची सरासरी: एचे ४ गुण, बीचे ३, सीचे २. डॅट म्हणजे डेंटलची प्रवेशपरीक्षा.)

मी एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, केमिस्ट्रीची लॅब शिकवते. माझ्या बाकांवर अशी ‘परत घेणारी’ मुलं दर सेमिस्टरला असतात, त्यामुळे हा फॉरवर्ड मला नुसता वाचून सोडता येत नाही. गेल्या वर्षी तर तो माझ्या स्वयंपाकघरातच आला. मैत्रीण मुलाला घेऊन आली, ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेची, प्रिंट डायनिंग टेबलावर पसरली आणि म्हणाली, “अगं, पाच कोर्स परत घेतले की ३.३३ होतोय. मी दोनदा बेरीज केली.”

बेरीज बरोबर होती, पण ती ज्या नियमावर केली होती तो नियमच डेंटलच्या अर्जात नाही.

मुलाचे १२० क्रेडिट झाले होते आणि जीपीए बरोबर ३.०, म्हणजे ३६० गुण. पाच सायन्स कोर्समध्ये सी: जनरल केमिस्ट्रीचा दुसरा भाग, ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचे दोन्ही, बायोलॉजीचा एक, फिजिक्सचा एक. प्रत्येकी चार क्रेडिट, म्हणजे वीस. मैत्रिणीने वीस क्रेडिटचे सी काढून त्या जागी ए ठेवले. ३६० गुणांचे ४०० झाले, भागिले १२०, उत्तर ३.३३. त्याच्या कॉलेजच्या पोर्टलवर हे खरंच असं दिसलं असतं, कारण बऱ्याच अमेरिकन कॉलेजांत कोर्स परत घेतला की जुनी ग्रेड कॉलेजच्या हिशेबातून काढतात. फॉरवर्डचा जन्म इथे झाला असावा.

डेंटल स्कूल मात्र कॉलेजचा जीपीए बघत नाहीत. अर्ज अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशनच्या सामाईक सेवेतून जातो, मुलं तिला ‘आडसॅस’ म्हणतात. ही सेवा प्रत्येक कॉलेजची प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट मागवते आणि जीपीए स्वतः नव्याने मोजते. त्यात परत घेतलेल्या कोर्सच्या सगळ्या ग्रेड धरतात, जुनी आणि नवी दोन्ही. म्हणजे ३६० मध्ये ८० मिळवा, १२० मध्ये २० मिळवा. ४४० भागिले १४०. ३.१४.

मग सायन्सचा वेगळा हिशेब केला. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स या तिघांचा मिळून अर्जात एक स्वतंत्र जीपीए निघतो, बीसीपी. त्याचे बीसीपीचे ५० क्रेडिट २.८ वर होते, १४० गुण. अधिक ८०, भागिले ७०. पुन्हा ३.१४. मैत्रीण पेन खाली ठेवून म्हणाली, “दोन्हीकडे बावीस सप्तमांश?” आम्ही दोघी हसलो. मुलगा नाही हसला.

इथवर सगळ्यांना पटतं. पुढचा भाग कुणी सांगत नाही आणि तोच महत्त्वाचा आहे. त्याच वीस क्रेडिटांत त्याने जुने पाच कोर्स परत न घेता पाच नवे, वरच्या पातळीचे सायन्स कोर्स घेतले आणि ए मिळवले, तर? ३६० अधिक ८०, भागिले १४०. तोच ३.१४. आडसॅसच्या गणिताला रीटेकचा ए आणि नव्या कोर्सचा ए यांतला फरक कळतच नाही. आकडा तेवढाच वाढणार असेल, तर प्रश्न एवढाच उरतो की ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्या माणसाला कोणता ए जास्त काही सांगतो. ऑर्गॅनिकमध्ये आधी सी, मग ए यावरून इतकंच कळतं की तोच अभ्यास दुसऱ्यांदा केल्यावर जमला. ऑर्गॅनिकमध्ये सी आणि पुढच्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत ए, यावरून कळतं की पाया कच्चा राहिला नाही, मुलगा पुढे गेला.

याला अपवाद आहे, तोही स्पष्ट सांगते. डी असेल किंवा एफ असेल तर परत घ्यायलाच हवा. बहुतेक डेंटल शाळा प्रीरिक्विझिटमध्ये, म्हणजे प्रवेशाआधी केलेच पाहिजेत अशा कोर्समध्ये, किमान सी मागतात, काहींना सी मायनसही चालत नाही. शिवाय ऑर्गॅनिक खरंच डोक्यावरून गेलं असेल तर बायोकेममध्ये उडी मारून दुसरा सी ओढवून घेण्यात शहाणपण नाही. पण स्वच्छ सी असलेला फिजिक्स केवळ डोळ्यांना खुपतो म्हणून परत घेणं म्हणजे एक अख्खं सेमिस्टर आणि त्याची फी पाण्यात.

ही ‘पुसली जाते’ची समजूत आपल्या लोकांत इतकी घट्ट का बसते, याचा मला एक अंदाज आहे. आपण बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेत वाढलो. बारावीला परत बसा, मार्क वाढले तर नवी गुणपत्रिका पुढे करा, नाही वाढले तर जुनी आहेच. दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं. वाईट विषय बाजूला ठेवता येतो, हे आपल्या अंगात मुरलंय. इथे काहीच बाजूला ठेवता येत नाही. समजुतीला अमेरिकन मूळही आहे: ऑस्टिओपॅथिक (डॉक्टरकीच्याच एका वेगळ्या शाखेच्या) मेडिकल कॉलेजांच्या अर्जसेवेत २०१७ पर्यंत खरोखर नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे. तो नियम बंद झाला, फॉरवर्ड मात्र चालूच राहिला. टेक्सासमध्ये एक वेगळी सोय आहे, ‘अकॅडमिक फ्रेश स्टार्ट’. तिथल्या रहिवाशाला दहा वर्षांहून जुने कोर्स सोडून देऊन सरकारी संस्थांत अर्ज करता येतो. पण सोडायचे तर सगळे. सी टाकून ए ठेवायचे, असं नाही.

आता ‘कम्युनिटी कॉलेजात सोपे कोर्स घ्या, ए तो ए’. इथे मी पक्षपाती आहे, माझा पगार तिथून येतो. गणितापुरतं हे विधान खरं आहे: आडसॅससाठी आमच्याकडचा चार क्रेडिटचा ए आणि मोठ्या युनिव्हर्सिटीतला चार क्रेडिटचा ए सारखेच मोजले जातात. फी वाचवायला पहिली दोन वर्षं आमच्याकडे काढून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात गेलेली मुलं डेंटलला जातात, त्यात काही काळंबेरं नाही. खटकतं ते दुसरंच. मुलगा सगळं शिक्षण युनिव्हर्सिटीत घेतो आणि नेमकी ऑर्गॅनिक तेवढी उन्हाळ्यात आमच्याकडे उरकतो. वाचणाऱ्याला कारण विचारावं लागत नाही. काही शाळा कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट ठरावीक मर्यादेपर्यंतच घेतात, काही प्रीरिक्विझिट चार वर्षांच्या कॉलेजातूनच हवेत म्हणतात. हे प्रत्येक शाळेच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि सत्तरहून जास्त शाळांची पानं वाचायची नसतील तर आपल्या यादीतल्या दहा तरी वाचावीत. त्याहून मोठी अडचण अशी की ज्या कोर्सांनी चित्र बदलतं, हिस्टॉलॉजी (शरीरातल्या ऊतींचा अभ्यास), सेल बायोलॉजी, इम्युनॉलॉजी, ते दोन वर्षांच्या कॉलेजात सहसा मिळतच नाहीत.

‘सोपे’ या शब्दाबद्दलही थोडं. स्टॅटिस्टिक्समध्ये ए मिळवून सायन्स जीपीए वाढेल, असं मला किमान चार आयांनी सांगितलंय. मेडिकलच्या अर्जात गणित सायन्सबरोबर धरतात, तिथे चार अक्षरं आहेत: बीसीपीएम. डेंटलच्या बीसीपीत तो एम नाही. स्टॅटिस्टिक्स जरूर घ्या, काही शाळा मागतातही, पण त्या आकड्यासाठी नको. आणि सायन्सेतर विद्यार्थ्यांसाठी असलेला हलका बायोलॉजी कोर्स प्रीरिक्विझिट म्हणून चालेल, अशा भ्रमात राहू नका. तो सायन्स मेजरच्या पातळीचा हवा, असं बऱ्याच शाळा स्पष्ट लिहितात.

मग घ्यायचं काय? डेंटलच्या पहिल्या वर्षी जे समोर येणार आहे, ते. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, हिस्टॉलॉजी. प्रवेश देणाऱ्या कमिटीची धास्ती एकच असते: आमच्याकडे पहिल्या वर्षी हे सगळं एकदम अंगावर आलं तर हा मुलगा तग धरेल का? म्हणून एका सेमिस्टरला एकच कोर्स घेऊन त्यात मिळवलेला ए फारसा बोलत नाही. तीन अवघड कोर्स एकत्र, त्यात दोन ए आणि एक बी प्लस, हे मला तरी जास्त दमदार वाटतं. आडसॅस जीपीए वर्षानुसारही दाखवतं, पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं, चौथं, आणि पदवीनंतरच्या कोर्सांची वेगळी ओळ. एकूण आकडा ३.१४ वर अडकला तरी ती शेवटची ओळ ४.० असू शकते. अलीकडे प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ३.६ च्या घरात आहे, तिथवर वीस क्रेडिटांनी कुणी पोचत नाही. म्हणून तर ती ओळ जपायची.

वेळेचं भान मात्र हवं. अर्ज जूनमध्ये घेऊ लागतात आणि आलेले अर्ज आल्या क्रमाने वाचले जातात. त्याच ऑगस्टमध्ये कोर्स सुरू केला तर त्याची ग्रेड त्या वर्षी उशिराच पोचणार. कोर्स आधी, अर्ज नंतर. लग्नाच्या मुहूर्तासारखी घाई इथे करू नये.

मास्टर्सचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. पदवीनंतर बॅचलर पातळीवर घेतलेले कोर्स अंडरग्रॅज्युएट जीपीएत मिसळतात, मास्टर्सचे मात्र वेगळ्या ओळीत जातात. त्यामुळे मास्टर्स केल्याने अंडरग्रॅज्युएट आकडा शंभरांशानेही हलत नाही. काही विद्यापीठांत डेंटलच्या मुलांबरोबर तेच विषय शिकवणारे एक वर्षाचे खास मास्टर्स आहेत, २.८-२.९ वर अडकलेल्याला त्यांचा खरा उपयोग होतो, पण तिथे बी आले तर आधीपेक्षा वाईट अवस्था, आणि फी भरताना घाम फुटतो.

राहिला डॅट. ‘२५ मिळवा’ यावरूनच फॉरवर्डचं वय कळतं. २५ हा ३० पैकीच्या जुन्या मापातला. २०२५ च्या मार्चपासून डॅटचे गुण २०० ते ६०० या मापात देतात. उत्तम डॅटने अर्ज उचलला जातो हे खरं, पण डॅटमध्ये फिजिक्स नाही, बायोकेम नाही, आणि ती एका दिवसाची परीक्षा आहे. आपल्याकडे नीटचा एक दिवस सगळं ठरवतो, म्हणून आपल्याला तेच इथेही खरं वाटतं. कमिटीला चार वर्षांचा पट हवा असतो.

ग्रूपवर एक प्रश्न हमखास येतो: सून पुण्याहून बीडीएस करून आलीये, तिने हे कोर्स घ्यावेत का? तिचा रस्ताच निराळा आहे. परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांसाठी कापिड नावाची वेगळी अर्जसेवा आहे, आयएनबीडीई ही डेंटिस्टच्या परवान्याची परीक्षा आहे आणि बीडीएसच्या गुणांचं स्वतंत्र मूल्यमापन होतं. इथे बायोलॉजीत ए मिळवून ते गुण बदलत नाहीत.

मैत्रिणीच्या मुलाने पाचपैकी एकही कोर्स परत घेतला नाही. गेल्या शरदात बायोकेम, फिजिऑलॉजी आणि हिस्टॉलॉजी एकदम घेतले. ऑक्टोबरमध्ये रात्री साडेनऊला फोन: “मावशी, स्लाइड खराब आहे. दाताच्या सेक्शनमध्ये डेंटिन दिसतंय, पल्प दिसतोय, इनॅमलच्या जागी नुसती रिकामी फट आहे.” मी म्हटलं, स्लाइड चांगली आहे. कापण्याआधी दात ॲसिडमध्ये ठेवतात, आणि इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, जवळजवळ सगळं खनिजच, साधारण ९६ टक्के. ते विरघळून जातं. ती फट हेच इनॅमल. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही, मग वहीचं पान उलटल्याचा आला.