‘रा’ने संपणारे प्रत्येक नाव वैदिक नसते

गेले काही महिने ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर मुलींच्या नावांची एक यादी फिरते आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ‘रा’ने संपणारे प्रत्येक नाव वैदिक संस्कृतातले असते, ‘रा’ म्हणजे सूर्य, म्हणून ते अक्षर शेवटी आले की नावात तेज उतरते, मायरा हे लक्ष्मीचे, सारा हे सरस्वतीचे आणि कियारा हे शिवाच्या तेजाचे नाव आहे, मुलीचे नाव ‘रा’वर संपावे असे शास्त्रांत सांगितले आहे, हे अक्षर तूळ राशीचे असल्याने स्वभावात समतोल येतो, ही सगळी नावे मराठी घरांत पूर्वापार चालत आलेली आहेत, आणि जन्मानंतर २१ दिवसांत नाव नोंदवले नाही तर ते दाखल्यावर चढत नाही. यादीत तारा, इरा, मीरा, मधुरा, इंदिरा, चित्रा, यशोधरा ही नावे मायरा, कियारा, आयरा, समीरा, सारा आणि झारा यांच्या रांगेत बसवली आहेत आणि सगळ्यांना सारख्याच थाटाचे अर्थ जोडले आहेत. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींत सतत कुणाचे ना कुणाचे बारसे असते, आणि आत्याने बाळाच्या कानात सांगायचे नाव हल्ली अशा याद्यांतून उचलले जाते. आईवडिलांनी कोणते नाव पसंत करावे याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. मुलीला तिच्या नावाचा खोटा अर्थ सांगितला जातो, याला मात्र माझी हरकत आहे.

सगळ्या यादीचा पाया ‘रा म्हणजे सूर्य’ या वाक्यावर आहे, म्हणून आधी तेच पाहू. सूर्यदेवाचे ‘रा’ हे नाव प्राचीन इजिप्तमधले आहे. संस्कृत शब्दांच्या घडणीशी त्याचा संबंध नाही. मंत्रशास्त्रात ‘रं’ हे अग्नीचे बीज मानले जाते, हे खरे आहे, आणि या दाव्याला थोडाफार आधार असेल तर तो तेवढाच आहे. पण बीजाक्षर मंत्रात ज्या रीतीने योजले जाते, त्या रीतीने शब्द तयार होत नाहीत. तसे असते तर ‘अंधारा’ या शब्दातही सूर्य शोधावा लागला असता.

संस्कृतात स्त्रीलिंगी नावाच्या शेवटी येतो तो ‘आ’. चित्र या शब्दाचे चित्रा, मधुरचे मधुरा, सुभद्रचे सुभद्रा होते ते या ‘आ’मुळे, आणि पाणिनीने त्याला टाप् प्रत्यय म्हटले आहे. त्याच्या आधीचा ‘र’ मूळ शब्दाचा असतो आणि प्रत्येक शब्दात तो वेगळ्या वाटेने आलेला असतो. मधुरा या नावात ‘मधु’ला ‘र’ प्रत्यय लागला आहे आणि त्याचा अर्थ ‘ज्यात मध आहे असे’ एवढा आहे. यशोधरा आणि वसुंधरा यांतला ‘र’ धारण करणे या अर्थाच्या ‘धृ’ धातूचा आहे. एक यश धारण करणारी, दुसरी धन धारण करणारी, म्हणजे पृथ्वी. सुमित्रा या नावात ‘मित्र’ आहे. तारा हे नाव ‘तॄ’ धातूशी जोडले की ‘तारून नेणारी’ असा अर्थ मिळतो आणि आकाशातली तारका हा अर्थ तर सर्वांना ठाऊकच आहे. एकाच अक्षरावर संपणाऱ्या या नावांत समान असे काही असेल तर तो फक्त उच्चाराचा शेवट आहे.

यादीतल्या अस्सल नावांना दिलेले अर्थही इतके गुळगुळीत करून टाकले आहेत की, त्यांतले खरे वैभव हरवते. इरा या नावापुढे नुसते ‘सरस्वती’ असे लिहिले आहे. कोशात तोही अर्थ आहे, परंतु वेदांत इरा म्हणजे तृप्त करणारे अन्न-पेय, जीव निववणारा रस. जिच्यात असा रस आहे ती इरावती, आणि पंजाबातली रावी ही तीच जुनी इरावती होय. पुराणांत इरा ही दक्षाची कन्या आणि कश्यपाची पत्नी असून गवत आणि वेली यांची ती माता मानली आहे. चित्रा म्हणजे लखलखीत, उठून दिसणारी. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ येतो तो चैत्र, म्हणजे गुढीपाडव्याच्या महिन्याचे नावच या शब्दावरून पडले आहे. तारा हे नाव रामायणात वालीच्या पत्नीचे, पुराणांत बृहस्पतीच्या पत्नीचे, तंत्रमार्गातल्या दहा महाविद्या नावाच्या देवींपैकी एकीचे आणि बौद्धांच्या करुणामयी देवीचेही आहे. येऊरच्या बाजूने जे राष्ट्रीय उद्यान ठाण्याला भिडते, त्याच उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वासोबत ही बौद्ध देवी कोरलेली आहे. इतके हाताशी असताना ‘तेजस्वी मुलगी’ एवढ्यावर यादीने या नावांची बोळवण करावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मायरा हे लक्ष्मीचे नाव असल्याचा दावा सर्वांत अधिक पसरला आहे आणि तो पडताळणे सर्वांत सोपे आहे. अमरकोश या संस्कृतातल्या जुन्या पर्यायशब्दकोशात लक्ष्मीची नावे श्लोकबद्ध दिली आहेत, ती अशी: लक्ष्मी, पद्मालया, पद्मा, कमला, श्री, हरिप्रिया, इंदिरा, लोकमाता, मा, क्षीरोदतनया, रमा. यांत ‘रा’वर संपणारे एकच नाव आहे आणि ते इंदिरा. आपटे यांच्या १८९० च्या किंवा मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशातही मायरा सापडत नाही. हे नाव फुल्क ग्रेविल (१५५४–१६२८) या इंग्रज कवीने आपल्या प्रेमकवितांतल्या नायिकेसाठी योजले आणि तिथून ते इंग्रजीत रुळले. आजच्या तुर्कस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावर मायरा नावाचे प्राचीन शहरही होते, आणि ज्यांच्यावरून पुढे सांताक्लॉज घडला ते संत निकोलस तिथलेच बिशप होते.

याच उच्चाराचा एक शब्द राजस्थानातही आहे, ही गोष्ट यादी करणाऱ्याला ठाऊक नसावी. आमच्या मजल्यावरच्या मारवाडी कुटुंबात मुलीचे लग्न होते, तेव्हा तिचे मामा मायरा घेऊन आले होते. साड्या, मुलांचे कपडे, दागिन्यांच्या डब्या आणि सुका मेवा असे सगळे ताटांत मांडून दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ठेवले होते, आणि भावाने बहिणीला चुनरी पांघरल्यावरच पुढचे विधी सुरू झाले. भाच्यांच्या लग्नात मामाने आणायचा हा आहेर म्हणजे मायरा. नरसी मेहतांच्या मुलीचा मायरा भगवंताने भरला, ही कथा राजस्थान-गुजरातेत आजही भक्तिभावाने गायली जाते. मुलीचे नाव मायरा ठेवणाऱ्या आईवडिलांना भारतीय अर्थ हवा असेल, तर माहेरच्या मायेचा हा अर्थ समोर आहे. लक्ष्मीचे नसलेले नाव तिच्या माथी मारण्याची काही गरज नाही.

कियाराची गोष्ट थोडक्यात सांगता येते. युरोपातल्या दोन वेगळ्या नावांची या नावावर छाया आहे. इटालियन कियारा हे ‘स्वच्छ, उजळ’ या अर्थाच्या लॅटिन ‘क्लारा’वरून आले आहे आणि असिसीच्या संत क्लेअर (११९४–१२५३) यांचे मूळ नाव तेच होते. आयर्लंडमधल्या नावाचा उच्चार कीरा असा होतो आणि ते ‘सावळी, काळ्या केसांची’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. एक उजेडाचे, दुसरे काळोख्या रंगाचे, आणि शिवाशी दोन्हींचा संबंध नाही. सारा हे हिब्रू नाव असून त्याचा अर्थ राजकन्या किंवा कुलीन स्त्री असा आहे. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिन्ही परंपरांत ते आदराने ठेवले जाते. झारा हे नाव सामान्यतः अरबी ‘झहरा’शी जोडले जाते, तेजस्वी या अर्थाची ती उपाधी हजरत फातिमा यांची आहे. मराठी घरात मात्र झारा म्हणजे तळणीचे साधन आणि सारा म्हणजे शेतसारा. नाव ठेवताना याचाही विचार आईवडिलांनी एकदा करावा, कारण शाळेत हाक मारणारी मुले कोश उघडून पाहत नाहीत. आयराबद्दल माझे मत असे आहे की, इरा हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून पुन्हा इंग्रजीसारखे वाचल्याने आपल्याकडे तो उच्चार रुजला असावा. संस्कृत कोशांत तसा शब्द नाही.

समीरा या नावापाशी मला थोडे थांबायचे आहे. संस्कृतात समीर म्हणजे वारा. ‘ईर्’ म्हणजे हलणे, हलवणे, या धातूपासून तो शब्द आला आहे आणि त्याला ‘आ’ जोडून आपल्याकडे समीरा झाले. अरबीत समीरा म्हणजे रात्रीच्या गप्पांची सोबतीण, कारण ‘समर’ म्हणजे सांजवेळेनंतरचे निवांत बोलणे. दोन्ही शब्द आपापल्या जागी पूर्ण खरे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी नाते नाही. मुंब्र्यातली समीरा आणि नौपाड्यातली समीरा एकाच वर्गात बसत असतील, तर दोघींना आपापल्या नावाचा अर्थ अभिमानाने सांगता येईल. यादीत मात्र ‘वैदिक’ एवढाच शिक्का मारून अरबी समीराची भाषाच पुसून टाकली आहे, आणि हे मला नुसत्या चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

आता शास्त्रांकडे वळू. घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावाविषयी ‘अयुजाक्षरमाकारान्तम्’ असे सांगितले आहे. म्हणजे अक्षरे विषम असावीत आणि शेवट ‘आ’ असावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल आणि दीर्घ स्वरावर संपणारे असावे असे म्हटले आहे. ‘रा’चा उल्लेख दोन्हीकडे नाही. पारस्करांचा नियम काटेकोरपणे लावला तर तारा, मीरा, इरा, चित्रा ही दोन अक्षरी नावे बाद होतील, आणि मनूची ‘स्पष्ट अर्थाची’ ही अट लावली तर यादीतली निम्मी नावे अडचणीत येतील. शिवाय त्याच स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत आणि पक्षी यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये असेही लिहिले आहे. महाराष्ट्राने ते कधी मनावर घेतले नाही. आपल्या घरोघरी गंगा, गोदावरी, कृष्णा, रोहिणी, रेवती आणि मैना पिढ्यानपिढ्या सुखाने नांदल्या. शास्त्राचा हवाला द्यायचाच तर तो पुरा द्यावा.

तूळ राशीच्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. चित्रा नक्षत्राची चरणाक्षरे, म्हणजे त्याच्या चार चरणांना नेमून दिलेली अक्षरे, पे, पो, रा, री अशी आहेत आणि त्यांतली शेवटची दोन तूळ राशीत येतात, एवढे बरोबर आहे. पण पत्रिकेतले अक्षर नावाच्या आरंभी घ्यायचे असते, हे कोणतेही पंचांग उघडले तरी दिसते. ज्योतिष मानणाऱ्यांच्या हिशेबातही शेवटच्या अक्षराला हे स्थान नाही.

पूर्वापार मराठी नावांचा दावा वाचून मला सर्वाधिक खंत वाटली, कारण मराठीत ‘रा’वर संपणारी जुनी नावे खरोखरच आहेत आणि यादीत त्यांतली बहुतेक नाहीत. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा दिवाळे-बेलापूरच्या जुन्या घरांतल्या आज्या-पणज्या आठवा: हिरा, मथुरा, चंद्रा, सुभद्रा, सुमित्रा. हिरा हा शब्द मराठीत पुल्लिंगी, तरी हिराबाई हे नाव कुणालाही कधी विचित्र वाटले नाही. ते संस्कृत ‘हीरक’वरून आले आहे. मथुरा हे तीर्थक्षेत्राचे नाव काशी आणि द्वारका यांच्याप्रमाणेच मुलींना दिले जाई, आणि पाली ग्रंथांत त्याच नगरीला मधुरा म्हटले आहे. पणजी मथुरा आणि पणती मधुरा असेल, तर त्या घराने नकळत एकच नाव जपले आहे.

आणि सोयरा. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई १४ व्या शतकातल्या; गावकुसाबाहेर राहून त्यांनी रचलेले अभंग वारीत आजही म्हटले जातात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राणी आणि राजाराम महाराजांच्या मातोश्रींचे नावही सोयराबाईच होते. सोयरा म्हणजे आपले माणूस, नात्यातले माणूस; सोयरीक हा शब्द आपण आजही रोज वापरतो. उच्चारात ते मायराच्या इतके जवळ आहे की, कानाला नवे वाटावे. जुने, मराठी, स्पष्ट अर्थाचे आणि ‘रा’वर संपणारे नाव ज्यांना हवे आहे, त्यांच्यासाठी ते सातशे वर्षे तयार आहे. परंपरेच्या नावाने फिरणाऱ्या यादीत ते नसावे, यावरून यादी कोणत्याच कोशावरून केली नसणार हे कळते.

शेवटचा दावा २१ दिवसांचा. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली २१ दिवसांची मुदत आहे ती जन्माच्या नोंदणीसाठी, आणि ही नोंदणी बाळाच्या नावाशिवायही होते. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव शुल्काशिवाय दाखल करता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. बारशाचे नाव घरात हाक मारायला वापरावे आणि दाखल्यावर चढवण्याआधी एखाद्या निवांत दुपारी कोश पाहून घ्यावा. ठाणेकरांना त्यासाठी लांब जायला नको, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून शहरातच आहे.