पुढं सरका, आत जागा आहे

फोन भरलाय? ‘स्टोरेज संपत आलं आहे’ अशी पट्टी दिवसातून चारदा डोकं वर काढतेय? अजिबात घाबरू नका. ती पट्टी बोटानं बाजूला ढकलता येते. मी आठ महिने ढकलत होतो.

ढकलूनही भागेनासं झालं की पुढचे उपाय करा. सगळे मी स्वतः करून बसलोय.

पहिलं पथ्य म्हणजे, जागा कुणी खाल्ली हे बघायला जाऊ नका. उगाच नात्यागोत्यात वाईटपणा येतो. सरळ आपल्या कामाची अ‍ॅप्स उडवा. बँकेचं, वीजबिलाचं, रेल्वेच्या तिकिटाचं. चार उडवलीत की दोन दिवस निवांत. मग तत्काळ सुरू व्हायला सहा मिनिटं उरलेली असताना तेच अ‍ॅप पुन्हा उतरवायचं आणि पासवर्ड आठवत बसायचं. व्हॉट्सअ‍ॅप मात्र तेवीस जीबी गिळून बसलेलं असलं तरी त्याला बोट लावायचं नाही. तो घरजावई आहे.

फोन बंद करून चालू करा. काही होत नाही, पण बरं वाटतं.

सफाईचं एखादं अ‍ॅप घ्या. घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून आणखी एक माणूस राहायला बोलावण्यासारखंच हे. पडद्यावर झाडू गरगर फिरतो, ‘अभिनंदन’ येतं आणि लगेच झटपट कर्जाची जाहिरात. ती बंद करायची फुली इतकी बारीक असते की तिच्यासाठी वेगळा चष्मा लागतो.

फोन घेताना खोक्यावर ६४ जीबी लिहिलं होतं म्हणून रडत बसू नका. तो सुपर बिल्टअप आकडा असतो. कंपनी जीबी मोजते हजाराच्या हिशेबानं, १०२४ च्या हिशेबानं मोजलं तर तो साठालाही पोचत नाही. त्यातून जिना, लिफ्ट, गच्ची, म्हणजे फोनची स्वतःची सिस्टीम वजा करा. उरलेल्यात कंपनीनं आधीच आणून बसवलेली अ‍ॅप्स. ती काढता येत नाहीत, फार तर ‘बंद’ करता येतात. पागडीचे भाडेकरू परवडले, ते निदान गणपतीची वर्गणी तरी देतात. मेमरी कार्डाची खाच? ती आता बऱ्याच फोनांतून गायब झाली आहे. मोठा फोन घ्या ना, ऐपत नाही का?

फोटो उडवलेत आणि जागा तेवढीच दिसतेय? दिसणारच. ते कचऱ्याच्या पेटीत असतात, बहुतेक फोनांत तीस दिवस. सुतक फिटल्याशिवाय जायचे नाहीत.

नाहीतर सगळं वर आभाळात, क्लाउडवर ठेवा. गुगल फोटोजवर कितीही फोटो फुकट ठेवता यायचे, ते १ जून २०२१ ला संपलं. आता पंधरा जीबी, त्यातच ईमेल, त्यातच फोटो, आणि अलीकडे अँड्रॉइडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच. म्हणजे जो कचरा फोनमध्ये ठेवायला जागा नाही, तो आभाळात ठेवायला दरमहा भाडं भरा.

आता मुख्य उपाय. सकाळी उठल्याबरोबर, दात घासायच्याही आधी, ओळखीच्या प्रत्येक माणसाला उगवत्या सूर्याचं चित्र पाठवा. सूर्य, दवबिंदू, गुलाब, चहाचा कप आणि खाली विचार. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. संकष्टीला दोन. एकादशीला विठ्ठल हलताना दिसला पाहिजे, म्हणजे व्हिडिओ. ही आपली कीर्ती साता समुद्रापार गेलेली आहे. भारतीयांचे फोन शुभ सकाळीनं तुंबतात हे गुगलवाल्यांच्या लक्षात आलं, डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी ‘फाइल्स गो’ नावाचं सफाईचं अ‍ॅप काढलं, आणि पुढच्याच महिन्यात वॉल स्ट्रीट जर्नलनं आपल्या सुप्रभाताची बातमी छापली. कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना आपल्या काकांसाठी झाडू घडवावा लागला! आणि काका थांबले का? काकांनी नवा फोन घेतला, २५६ जीबीचा. पाठवणाऱ्याकडे २५६ आणि घेणाऱ्याकडे ६४, असा हा व्यवहार. तेच चित्र मला परिवाराच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि ‘ग्रुपवर बघितलं नसशील म्हणून’ वैयक्तिकही येतं. काका, सूर्य उगवला हे मला खिडकीतून दिसतं! आमची खिडकी पूर्वेलाच आहे!

असो. उपहासानं लिहायचं ठरवलं होतं.

तर परवा काय झालं. गौरी घरात आल्या त्या दिवशी सकाळी गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आला. लिफ्ट बंद. ‘कोड सांगा.’ कोड आलाच नव्हता. त्यानं पुन्हा पाठवला, तरी नाही. जागा पारच संपली की अँड्रॉइड फोन एसएमएससुद्धा आत घेत नाही, हे ज्ञान मला दारात उभ्याउभ्या झालं. तो म्हणाला, ‘साहेब, कोड नसेल तर मशीन पुढं जात नाही. आता सणानंतरच येणं होईल.’ आणि भरलेला सिलिंडर घेऊन तीन मजले उतरून गेला. घरातला संपायला आलेला. दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या भरात मी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरलो, दिसेल ते निवडलं आणि उडवलं. त्यात आत्याची व्हॉइस नोटही गेली. सोळा भाज्यांत काय काय घालायचं, आमच्याकडे कुठली चालत नाही, असं सगळं तिनं नीट सांगितलं होतं. फोन करून पुन्हा विचारलं तर म्हणाली, ‘अरे, पाठवलं होतं की.’ पाठवलं होतंस गं. पण त्याच्या खाली एकशे चाळीस सूर्य होते.

आता सरळ सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आहे, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथं पाच एमबीहून मोठ्या फाइली वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असा स्वतंत्र ढीगही करून दिलेला असतो. म्हणजे कचरा कुठला हे त्या अ‍ॅपला कळतं, तुम्हाला कळत नाही. मीडिया आपोआप उतरवणंही ‘स्टोरेज अँड डेटा’मध्येच बंद करता येतं. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. अँड्रॉइडवर ‘सेंट’ नावाचं फोल्डरही उघडून बघा. गॅलरीतून तुम्ही जे जे पाठवता त्याची आणखी एक प्रत तिथं साठते. लोकांची घरं भरता भरता स्वतःचंही भरलंय तुम्ही.

आणि हे मी ज्यांना सांगतोय त्यांनी इकडेतिकडे बघू नका. तुम्हीच. लग्नात जेवणाच्या ताटाचे अकरा फोटो काढणारे तुम्ही. अकरापैकी दहा हलले आहेत हे माहीत असूनही न उडवणारे तुम्ही. गेल्या वर्षीच्या पार्किंगच्या खांबाचा नंबर अजून जपून ठेवणारे तुम्ही. प्रेम आहे तर फोन करा, दोन मिनिटं बोला. बोलायला काही नसेल तर गप्प बसा. दुसऱ्याचा खिसा म्हणजे तुमची कचराकुंडी नाही. तुमच्या बारा एमबीच्या हलत्या गुलाबापायी माझ्या घरच्या गौरींना इंडक्शनवर भाजलेल्या पुरणपोळ्या खाव्या लागल्या, आणि चारपैकी तीन फाटल्या.